रूथला, बोर्डिंग हाती घेण्याआधी

प्रिय रूथ,



तुझं पत्र पोचलं. जावईबापूंची नव्या मंडळीत नेमणूक झाली आणि मुलींचं बोर्डिंग तू चालवावंस असं पंचांनी ठरवलं, हे वाचून फार बरं वाटलं. मात्र पुढे तू लिहितेस, "मी काय, त्यांना आपली मदत करणार." हे वाक्य मला टोचलं. म्हणून तुला हॅना मार्शमनबद्दल लिहिते आहे.

मिशनरी विल्यम केरीसाहेबांचं नाव आपल्या मंडळीतल्या पोरासोरांनाही ठाऊक असतं. १८०५ साली त्यांनी मराठीचं व्याकरण छापलं, १८१० मध्ये मोडी लिपीत कोश काढला, हे आपण शाळेत पाठ केलं. ती पुस्तकं ज्या घरातून निघाली, त्या घराची चूल आणि तिजोरी कोणाच्या जिवावर चालली, ते कोणी शिकवलं नाही.

हॅनाचा जन्म १७६७ चा. आजोबा इंग्लंडात विल्टशायरमधल्या क्रॉकर्टन गावी बॅप्टिस्ट मंडळीचे पाळक होते. आईबाप लहानपणीच गेले. १७९१ मध्ये जोशुआ मार्शमन या विणकराच्या मुलाशी तिचं लग्न झालं. पुढे ते शाळामास्तर झाले. ऑक्टोबर १७९९ मध्ये लहान लेकरांना घेऊन ती नवऱ्याबरोबर मिशनच्या कामासाठी हुगळीकाठच्या श्रीरामपूरला उतरली. हे आपल्या नगर जिल्ह्यातलं श्रीरामपूर नव्हे. तिथे तेव्हा डेन्मार्कचा झेंडा होता. कंपनी सरकार आपल्या मुलखात मिशनऱ्यांना थारा देत नव्हतं, म्हणून ही मंडळी तिथे राहिली. बरोबर आलेले ग्रँट नावाचे बंधू तीन आठवड्यांच्या आत वारले. परका मुलूख, परकी भाषा, घरात विधवा आणि पोरकी मुलं, अशी सुरुवात झाली.

१८०० च्या जानेवारीत केरी कुटुंब येऊन मिळालं. सगळ्यांनी एकत्र राहायचं, एका मेजावर जेवायचं, कमाई एका पेटीत टाकायची, असं ठरलं. केरीबाईंना मनाचा आजार होता, त्यांची मुलं मोकाट सुटली होती. केरी स्वभावाने इतके मऊ की चूक दिसली तरी मुलांना धाक लावणं त्यांना जमत नसे. हे हॅनानंच लिहून ठेवलं आहे. मग तिनं आणि वॉर्ड नावाच्या छापखान्यातल्या बंधूंनी त्या मुलांना हाताशी धरलं. मला तिची भक्ती सर्वांत जास्त इथे दिसते. स्वतःची लेकरं पायात घुटमळत असताना दुसऱ्याच्या बिघडलेल्या मुलांना रोज वळण लावायचं आणि त्यांच्या बापाला कमी लेखायचं नाही, हे सोपं नाही गं.

त्याच वर्षी मे महिन्यात मार्शमन नवराबायकोनं युरोपियन आणि मिश्र वंशाच्या मुलामुलींसाठी फी घेऊन बोर्डिंग शाळा काढल्या. मुलींची शाळा हॅनाची. केरींना फोर्ट विल्यम कॉलेजचा पगार १८०१ पासून मिळू लागला. त्याआधी आणि त्यानंतरही कित्येक वर्षं या शाळांच्या फीवर मिशनचा मोठा भार होता. कागद, छपाईचे खिळे, पंडितांचे पगार, जेवणखाण हे सगळं त्या एकाच पेटीतून भागायचं. म्हणजे आपल्या भाषेच्या त्या छापील व्याकरणात हॅनाच्या शिकवणीचेही पैसे आहेत. पुढे तिनं बंगाली मुलींच्या शाळांसाठीही जीव टाकला.

तिला बारा मुलं झाली. निम्म्याहून अधिक आईबापांच्या डोळ्यांदेखत गेली. थोरला जॉन क्लार्क पुढे मोठा पत्रकार आणि इतिहासकार झाला. १८१८ मध्ये 'समाचार दर्पण' हे बंगाली वृत्तपत्र त्याच्याच देखरेखीखाली निघालं. एका मुलीचं, तिचंही नाव हॅनाच, १८२९ मध्ये हेन्री हॅवलॉक या लष्करी अधिकाऱ्याशी लग्न झालं. १८५७ साली कानपूर-लखनौवर फौज घेऊन गेलेला तोच हा हॅवलॉक. अंदमानातल्या त्याच्या नावाच्या बेटाचं नाव २०१८ मध्ये स्वराज द्वीप झालं. बोर्डिंगातल्या मुलींना या घराण्याबद्दल सांगशील तेव्हा हा भाग गाळू नकोस. भाविक घरातला जावई राज्यकर्त्यांची तलवार होता, आणि त्यांना हेही कळलं पाहिजे.

आता तुझ्या उपयोगाचं सांगते. त्या एका पेटीवरूनच पुढे भांडण लागलं. नवे तरुण मिशनरी आणि इंग्लंडची बॅप्टिस्ट मिशनरी सोसायटी मार्शमन घराण्यावर पैसा साठवल्याचे आरोप करू लागली, मालमत्ता कोणाची यावर वर्षानुवर्षं वाद चालला, आणि १८२७ मध्ये श्रीरामपूरचं मिशन सोसायटीपासून वेगळं झालं. ज्या बाईनं आयुष्यभर स्वतःची कमाई दुसऱ्यांच्या ताटात वाढली, तिच्या घरावर हा डाग आला. १८३७ मध्ये जोशुआ गेले. ती नऊ वर्षं मागे राहिली. डेन्मार्कनं श्रीरामपूर इंग्रजांना विकलेलंही तिनं पाहिलं आणि १८४७ च्या मार्चमध्ये गेली.

म्हणून माझं ऐक. पंचांकडून नेमणुकीचा कागद तुझ्या नावानं घे, "पाळकीणबाई बघतील" एवढ्यावर राहू नकोस. पगार थोडा असला तरी चालेल, पण तो ठरलेला हवा आणि तुझ्या खात्यावर जमा व्हायला हवा. त्यातला दशांश खुशाल दे, आधी तो तुझा तरी होऊ दे. धान्य, तेल, रॉकेल, फी, कोणाची देणगी, सगळं रोजच्या रोज लिही आणि महिन्याला दोन पंचांची सही घे. सकाळची प्रार्थना मुलींबरोबर कर, पण तुझ्या दोघांसाठी संध्याकाळचा एक तास राखून ठेव. त्या तासात कोणी दार वाजवलं तर जावईबापूंनी उठायचं, हे आधीच ठरवून घे. आणि कामाबद्दल कोणी विचारलं तर "बोर्डिंग मी चालवते" असं सांग.

तिकडे पोचलीस की नेमणुकीच्या कागदाची एक प्रत मला पाठव.

तुझी,
आत्या