फाटे फुटणाऱ्या गोष्टी आणि निवडीची किंमत

(द्वितीय वर्ष कला, अर्थशास्त्र)

व्हिडिओ गेम हा विषय वार्षिक अंकात अभ्यासलेख म्हणून यावा, याचे काही गुरुजनांना नवल वाटेल. गेम म्हटले की गोळीबार, मोटारींच्या शर्यती आणि परीक्षेच्या तोंडावर वाया गेलेल्या रात्री एवढेच डोळ्यांसमोर येते, आणि ते सर्वस्वी खोटे आहे असेही नाही. परंतु या खेळांत एक कुळ असे आहे, की ज्यात हाताच्या चपळाईपेक्षा मनाची घालमेल अधिक होते. त्यात एक गोष्ट चाललेली असते. ती मध्येच थांबते आणि खेळणाऱ्याला विचारते, आता काय करायचे? जे उत्तर मिळेल त्याप्रमाणे पुढची गोष्ट वळते. 'फाटे फोडणे' हा शब्दप्रयोग आपण उगाच वाद वाढवणाऱ्या माणसासाठी राखून ठेवला आहे. येथे मात्र फाटे फोडणे हेच लेखकाचे काम असते.

या प्रकाराची सुरुवात मुलींना गोष्टी सांगण्यातून झाली, असे म्हणायला हरकत नाही. एडवर्ड पॅकार्ड नावाचे एक अमेरिकन वकील रात्री आपल्या मुलींना गोष्ट सांगत असत. एकदा पुढचे काही सुचेना, तेव्हा त्यांनी मुलींनाच विचारले. मुलींची उत्तरे वेगवेगळी आली, आणि दोन्ही उत्तरांची गोष्ट का सांगू नये असे त्यांच्या मनात आले. १९६९ साली लिहिलेले त्यांचे 'शुगरकेन आयलंड' हे पुस्तक १९७६ मध्ये छापले गेले, आणि १९७९ पासून 'चूज युवर ओन अ‍ॅडव्हेंचर' ही पुस्तकमालाच निघाली. हे करायचे असेल तर अमुक पान उघडा, ते करायचे असेल तर तमुक, अशी ती पुस्तके. त्याच सुमारास विल क्राउदर या गुहा धुंडाळण्याचा छंद असलेल्या संगणकतज्ज्ञाने केवळ शब्दांनी खेळायचा 'अ‍ॅडव्हेंचर' हा खेळ रचला. तोही आपल्या मुलींसाठीच! पुढे डॉन वुड्स यांनी तो वाढवला.

आता थोडा हिशेब. गोष्टीत दहा ठिकाणी दोन-दोन वाटा ठेवल्या आणि प्रत्येक वाट शेवटपर्यंत वेगळी नेली, तर १०२४ शेवट लिहावे लागतील. वीस ठिकाणी ठेवल्या तर ही संख्या १०,४८,५७६ होते. इतके लिहिणे कोणत्याही लेखकाच्या आयुष्यात बसणार नाही. म्हणून बहुतेक सगळे एक युक्ती करतात. नदीला बेट लागले की प्रवाहाचे दोन होतात आणि बेट संपले की पुन्हा एक होतो, त्याप्रमाणे फुटलेल्या वाटा काही अंतरावर परत जुळवून घेतात. हे कळले की खेळणारे चिडतात. आमच्या वसतिगृहातही या विषयावर रात्रीच्या रात्री वाद झाले. शेवटी सगळ्या वाटा एकाच गावाला जात असतील, तर आम्हाला विचारले कशाला? प्रश्न बिनतोड वाटतो. तो खरोखर तसा आहे का, हे पाहण्यासाठी मी दोन खेळ निवडले आहेत.

पहिला 'द वॉकिंग डेड'. रॉबर्ट किर्कमन यांच्या चित्रकथेवरून टेलटेल या कॅलिफोर्नियातील कंपनीने तो २०१२ साली पाच भागांत काढला. मेलेली माणसे उठून जिवंतांच्या मागे लागली आहेत, आणि ली एव्हरेट हा खुनाची शिक्षा झालेला प्राध्यापक क्लेमेंटाइन नावाच्या आठ वर्षांच्या पोरक्या मुलीला सांभाळतो आहे, अशी गोष्ट. विषय भुताखेतांचा असला तरी खरा खेळ माणसांचा आहे. दुसऱ्या भागात वाटायला खाण्याचे चारच जिन्नस असतात आणि तोंडे दहा. ते कोणाला द्यायचे हे ली म्हणून आपण ठरवायचे. म्हाताऱ्याला द्यावे, की लहान मुलाला, की ज्याच्या अंगात उद्या लढायची ताकद हवी त्याला? खेळ बरोबर-चूक काही सांगत नाही. ज्याला मिळाले नाही तो तुमच्याकडे पाहतो, एवढेच.

आता वाटा जुळण्याचे पाहा. पहिल्या भागात दोन माणसांपैकी एकालाच वाचवता येते. ज्याला वाचवाल तो तिसऱ्या भागात मरतोच. ली तर चौथ्या भागाच्या अखेरीस चावला जातो, आणि काहीही केले तरी तो वाचत नाही. एके ठिकाणी बेवारस दिसणारी, सामानाने भरलेली मोटार सापडते. तुम्ही तिला हात लावला नाहीत तरी बाकीचे ते सामान घेतातच. तेव्हा निवडीने घटना बदलली का? फारशी नाही. पण ते सामान आपण घेतले की नाही, हे क्लेमेंटाइनने पाहिलेले असते. मोठ्यांनी घरात कसे वागायचे हे कोणाच्या तरी नजरेमुळे ठरते, तसा हा प्रकार आहे, आणि त्यात मला अर्थ वाटला. न आवडलेली गोष्ट म्हणजे प्रत्येक भागाच्या शेवटी दिसणारे टक्के. तुमच्यासारखे इतक्या टक्के लोक वागले, असा तक्ता समोर येतो, आणि जी गोष्ट आत्ताच जिवाला लागली होती तिचे मतदान होऊन जाते.

या खेळाबद्दल आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण इंग्रजी माध्यमातील मैत्रिणींच्या ती ध्यानात आली नव्हती. संवाद चालू असताना उत्तराचे तीन-चार पर्याय दिसतात आणि त्यांच्याखाली वेळेची पट्टी आटत जाते. ती संपली की ली गप्प राहतो. गप्प राहणे हेही एक उत्तर धरले जाते. मी दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकले. चार इंग्रजी वाक्ये वाचून, त्यांचा रोख समजून बोट उचलेपर्यंत माझी पट्टी अनेकदा संपून जाई. परिणामी मैत्रिणीचा ली तडफदार, हजरजबाबी. माझा ली घुमा. एकाच लॅपटॉपवर, एकाच गोष्टीत! त्याच्या गप्प राहण्यावर इतर पात्रे त्याला टोकतात तेव्हा पहिल्या वर्षाच्या वर्गातील काही तास मला आठवले. हा खेळ स्वभाव मोजतो असे म्हणतात. माझ्या बाबतीत तो निदान अर्धा वेळ वाचनाचा वेग मोजत होता.

दुसरा खेळ 'पेपर्स, प्लीज'. लुकास पोप या जपानात राहणाऱ्या अमेरिकन माणसाने तो जवळजवळ एकट्याने रचला आणि तो ऑगस्ट २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढच्या वर्षी त्याला इंडिपेंडंट गेम्स फेस्टिव्हलचे सर्वोच्च पारितोषिक मिळाले. २०२२ पासून तो मोबाइलवरही मिळतो. मी तेथेच खेळले. आरस्टोट्झका नावाचा कल्पित देश, साल १९८२, शेजाऱ्याशी सहा वर्षांचे युद्ध नुकतेच संपलेले. सोडतीत तुमचे नाव निघते आणि सीमेवरच्या खिडकीत तपासनिसाची नोकरी लागते. रांगेतला माणूस पुढे येतो, कागद सरकवतो. पासपोर्टची मुदत, गावाचे नाव, फोटो, शिक्का, जन्मतारीख हे सगळे ताडून पाहायचे आणि हिरवा किंवा लाल ठसा मारायचा. नियमांची वही रोज जाड होत जाते. येथे लांब इंग्रजी वाक्ये नाहीत, तारखा आणि नावे आहेत. त्यामुळे घड्याळ येथेही असूनसुद्धा मी मागे पडले नाही.

"निवड करा" असे हा खेळ क्वचितच म्हणतो. बरोबर तपासलेल्या प्रत्येक माणसामागे पाच क्रेडिट मिळतात. संध्याकाळी हिशेबाचे पान उघडते. भाडे कापलेले असते. उरलेल्यातून अन्न, शेकोटी आणि कोणी आजारी असेल तर औषध. घरात बायको, मुलगा, सासू आणि काका. अन्न घ्यायचे तर शेकोटी बंद ठेवायची, असे दिवस येतात. सलग उपाशी वा थंडीत राहिलेले माणूस आजारी पडते, आणि दुर्लक्ष झाले तर मरते. तपासणीत चूक झाली की यंत्रातून चिठ्ठी बाहेर येते. दिवसातल्या पहिल्या दोन चिठ्ठ्या नुसत्या ताकिदीच्या, तिसरीपासून दंड.

अशात एक गृहस्थ येतो. कागद बिनचूक. जाताना विनवतो, मागे माझी बायको आहे, तिला सांभाळून घ्या. ती पुढे येते तर तिच्याकडे प्रवेश-परवाना नाही, आणि परत गेले तर मला मारतील म्हणते. पुढे एक पहारेकरी अटकेच्या बक्षिसातला वाटा देऊ करतो, म्हणजे ज्याला नुसते परत पाठवता आले असते त्याला तुरुंगात घातले तर तुमच्या घरी शेकोटी पेटेल. मुलाने काढलेले चित्र खिडकीच्या आत लावले तर पाहणीला आलेला वरिष्ठ हरकत घेतो. अधूनमधून हाताने रंगवलेला पासपोर्ट घेऊन एक म्हातारा येतो. त्याचा देशच अस्तित्वात नाही. नाकारले तरी न रागावता तो पुन्हा येतो. या खेळात मी त्याच्याइतकी दुसऱ्या कोणाची वाट पाहिली नाही.

माझे वडील एका कारखान्याच्या गेटवर वॉचमन आहेत. सुट्टीत घरी गेले असता मी खेळत होते आणि ते शेजारी बसून पाहत होते. इंग्रजी त्यांना येत नाही. पण खिडकी, रांग, कागद, ठसा यात समजावून सांगण्यासारखे काय आहे? त्या बाईची वेळ आली तेव्हा मी त्यांना तिची हकीकत सांगितली. सोड किंवा नको सोडू, असे ते काही म्हणाले नाहीत. त्यांनी विचारले, "पगारातून कापतात का गं?"

"पहिल्या दोन चिठ्ठ्या माफ असतात, आण्णा."

"आज किती झाल्या?"

"एक."

"मग जाऊ दे तिला," ते म्हणाले. "दोन माफ आहेत तर त्या चुकून कशाला घालवायच्या? अशा वेळेला ठेवायच्या."

या खेळावर इंग्रजीत लिहिलेले काही लेख मी वाचले आहेत, पण हे वाक्य त्यांतल्या कोणत्याही मुद्द्यापेक्षा मला जास्त उपयोगी पडले. अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाला आपण संधी खर्च शिकतो: एक वस्तू घेतली म्हणजे जी सोडून द्यावी लागली, ती घेतलेल्या वस्तूची खरी किंमत. पुस्तकात बंदुका आणि लोणी यांची वक्ररेषा असते. 'पेपर्स, प्लीज'मध्ये ती रेषा घरातल्या चार माणसांतून जाते, आणि दयेलासुद्धा रोजचे रेशन असते. आण्णांनी ते रेशन पाहिले. मी तोपर्यंत फक्त बाई पाहत होते. गेटवर उशिरा आलेल्या एखाद्या कंत्राटी कामगाराला त्यांनी कधी असे आत घेतले आहे काय, हे मी त्यांना विचारले नाही.

तेव्हा वसतिगृहातल्या त्या वादाला माझे उत्तर असे, की वाटा किती आहेत आणि त्या कोठे जुळतात हे मोजण्यात अर्थ नाही. प्रत्येक वाटेला काय मोजावे लागते ते पाहावे. वेताळ पंचविशीत राजाला उत्तर ठाऊक असून बोलला नाही तर डोके फुटणार, आणि बोलला तर प्रेत पुन्हा झाडावर जाणार. पर्याय दोनच, आणि दोन्ही महाग. उलट नुसता फाट्यांचा पसारा मांडून मन हलेलच असे नाही. २०१८ सालच्या 'डेट्रॉइट : बिकम ह्यूमन' या फ्रेंच कंपनीच्या खेळात प्रत्येक प्रकरणानंतर सगळ्या वाटांचा नकाशाच पुढे ठेवतात. हा खेळ मी स्वतः खेळलेला नाही, त्याचे चित्रण पाहिले आहे. त्या नकाशाकडे पाहताना पात्रांचे काय झाले यापेक्षा कोणते चौकोन रिकामे राहिले इकडेच लक्ष जाते.

'पेपर्स, प्लीज'लाही हा दोष चुकलेला नाही. त्याचे वीस शेवट आहेत, आणि हव्या त्या दिवसापासून पुन्हा खेळता येते. मुलगा मेला, तर मागे जाऊन औषध घ्यावे! माझ्या वर्गातील एकाने वीसही शेवट गोळा केले, पोस्टाची तिकिटे जमवावीत तसे. त्याला त्या बाईबद्दल विचारले तर ती आठवेना. खेळ परत मागे जाऊ देतो म्हणून जावेच असे नाही, असे मी त्याला म्हटले. यावर त्याने मला फाटे फोडू नकोस म्हणून सांगितले.

अशी गोष्ट मराठीत करता येईल का, हे पाहण्यासाठी आम्ही तिघींनी या सत्रात 'ट्वाइन' हे साधन वापरून पाहिले. ख्रिस क्लिमस यांनी २००९ मध्ये केलेले हे साधन फुकट मिळते, आणि देवनागरीतही नीट चालते. गोष्ट एका गेटची घेतली. पहिलीच अडचण फाट्यांची नव्हती, क्रियापदाची होती. इंग्रजीत 'यू' म्हटले की भागते. मराठीत "तू गेटवर आलास" की "आलीस"? म्हणजे पहिल्या निवडीच्या आधीच खेळणारा मुलगा की मुलगी हे ठरवावे लागते. वर्तमानकाळ करून पाहिला, तर "येतोस" आणि "येतेस" आडवे आले. शेवटी "तुम्ही आलात" केले. त्यात दोघेही बसतात. एकीचे म्हणणे पडले, की वॉचमनला असे 'तुम्ही' कोण म्हणते, हे खोटे वाटेल. पुष्कळ चर्चा झाली. मग आम्ही निवेदनात 'तुम्ही' ठेवले आणि गेटवरून जाणाऱ्या पात्रांच्या तोंडी ज्याच्या-त्याच्या रीतीने 'तू', 'ए' किंवा 'काका' घातले. सध्या गोष्टीचे चाळीस तुकडे झाले आहेत, फाटे सात आहेत, आणि पाचव्या फाट्यावर पगार किती कापायचा हे अजून ठरत नाही.