सेपिया सरसकट नको!

जुन्या फोटोंचा कोलाज म्हटलं की आपण काय करतो? सगळे फोटो एका पानावर टाकायचे, वरून सेपिया फिल्टर मारायचा, झालं व्हिंटेज! मग १९५८ आणि १९८२ एकाच दिवशी काढल्यासारखे दिसतात. फोटो म्हातारा कसा होतो हे कळलं की कोलाज खरा वाटतो. (फर्स्ट इयरची केमिस्ट्री कधीतरी कामाला येते, ती अशी.)

मी विषय घेतला आपल्या रोजच्या लोकलचा. रेल्वे ठाण्याला आली १८५३ मध्ये, कल्याणला १८५४ मध्ये. आमच्या घरचा साठा मात्र आजोबांपासून सुरू होतो. ठाणे स्टेशनवर मित्रांसोबत आजोबा, कृष्णधवल, १९५८. डोंबिवलीच्या फडके रोडवर आई-बाबा, रंगीत, १९८२. आणि मी मोबाइलवर काढलेली आजची लोकल.

आधी स्कॅनिंग. काळ्या पानावर फोटो डिंकाने चिकटवलेला असेल तर उपटू नका. पापुद्रा निघतो आणि निगेटिव्ह तर कधीच हरवलेली असते. अख्खं पानच स्कॅन करा. नुसता कोपऱ्यांत अडकवलेला असेल तर अलगद काढून मागची बाजूही घ्या. आजोबांच्या फोटोमागे चार नावं आहेत. त्यातले दोघं कोण, हे आता फक्त आजी सांगू शकते. सॉफ्टवेअर उघडण्याआधी मी ते तिच्याकडून लिहून घेतलं. स्कॅन ६०० डीपीआयला करा. ६ सेंमीचा प्रिंट सुमारे १४१७ पिक्सेल देतो, म्हणजे ३०० डीपीआयच्या छपाईत १२ सेंमी. त्याहून ताणलात तर फाटणार.

जिंप हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं, आपल्या कामाला पुरेसं आहे. ए-४ साठी २४८० × ३५०८ पिक्सेलची फाइल घ्या. तळाला अल्बमचं काळं पान, वर प्रत्येक फोटो वेगळ्या लेयरवर.

आता खरी गंमत. कृष्णधवल प्रिंटमधली प्रतिमा चांदीची असते. टोनिंगमध्ये चांदीचं सिल्व्हर सल्फाइड होतं, तोच सेपियाचा तपकिरी रंग. टोनिंग नसलं तरी हवेतल्या गंधकाने प्रिंट हळूहळू पिवळसर पडतो. रंगीत प्रिंटमध्ये चांदी उरत नाही, उरतात रंगद्रव्यं. त्या काळच्या बऱ्याच प्रिंटमधलं निळसर-हिरवं द्रव्य आधी उडतं आणि फोटो लालसर होतो. आई-बाबांचा फोटो तसाच झालाय. एका मित्राने 'ऑटो करेक्ट मार ना!' असा सल्ला दिला. अजिबात नाही. तो लालसरपणाच १९८२ सांगतो. दोन्ही जुन्या स्कॅनना मी हात लावला नाही, चेहऱ्यांना तर मुळीच नाही.

मेकअप लागतो आजच्या लोकलला. तिचा रंग काढा. कर्व्ह्जमध्ये डावं टोक थोडं वर, उजवं थोडं खाली घ्या. काळं गडद करडं होतं, पांढरं मळकट. मग निळ्या चॅनेलची रेघ जरा खाली ओढली की पिवळी झाक येते. वर चिमूटभर नॉइज. जुन्या जर्नलचं पिवळं पडलेलं कोरं पान स्कॅन करून या लेयरवर मल्टिप्लाय मोडमध्ये ठेवा आणि फोटोपुरतंच कापा. इथे साधा गुणाकार चालतो : पांढरं म्हणजे १, काळं म्हणजे ०. कागदाचा पांढरा भाग फोटोला काही करत नाही, डाग तेवढे उतरतात. ओपॅसिटी मी ४० टक्के ठेवली. सावली सगळ्या फोटोंना एकाच बाजूला, सहा पिक्सेल पुरे. छापल्यावर ती अर्धा मिलिमीटर होते. जास्त दिलीत तर फोटो हवेत तरंगतात.

एक पथ्य. लोकलच्या फोटोखाली खरं साल टाका. इंडिकेटरवर 'सीएसएमटी' दिसतंय आणि ते नाव २०१७ चं आहे, तरीही हा फोटो 'जुनं ठाणे' म्हणून चार ग्रुपांवर फिरायला वेळ लागणार नाही. आजोबांच्या मित्रांची नावं मी पांढऱ्या अक्षरांत काळ्या पानावर, फोटोखालीच घातली.

जिंपची मूळ एक्ससीएफ फाइल आणि कोरे स्कॅन वेगळ्या फोल्डरमध्ये जपा; छपाईला जेपीईजी द्या. मॅट कागद मागा, चकचकीत कागदावर काळं पान आरशासारखं दिसतं.