गोळी हात थांबवते, मंडईत पाय कोण थांबवणार?

भाऊबीज झाली की आपल्याकडे भंडाऱ्याला मंडयांचा, म्हणजे गावोगावच्या जत्रांचा, हंगाम सुरू होतो. आज या गावची, उद्या त्या गावची. घर पाहुण्यांनी भरलेलं, रात्री दंडार नाहीतर नाटक, आणि मंडपामागच्या अंधारात बाटली. याच दिवसांत दवाखान्यात एक ठरावीक पेशंट परत येतो. पावसाळ्यात भरती होऊन दारू सोडलेला, तीन महिने नीट राहिलेला, आणि मेहुण्यानं आग्रह केला म्हणून ‘एकच’ घेतलेला. घरचे विचारतात, “साहेब, गोळ्या कमी पडल्या का?”

गोळ्या कमी पडल्या नव्हत्या. त्यांचं काम संपलं होतं. पुढचं काम कोणी हाती घेतलंच नव्हतं.

औषधाचं काम आधी समजून घ्या. रोज पिणाऱ्यानं दारू एकदम बंद केली, तर काही तासांत हात थरथरतात, घाम सुटतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काहींना भास होतात, माणूस बरळू लागतो. यात जीवही जाऊ शकतो. म्हणून नवस बोलून किंवा खोलीत कोंडून दारू सोडवू नका. आधी डॉक्टरांना दाखवा, गरज असेल तर जिल्हा सामान्य रुग्णालयात भरती करा. आणखी एक, दारू सोडवायची गोळी चहातून चोरून देऊ नका. ती पोटात असताना माणूस प्यायला, तर रक्तदाब कोसळू शकतो.

आठ-दहा दिवसांत शरीर सावरतं. सवय, संगत आणि मनातली लाज मात्र जागच्या जागी असते. तिथं आमच्या चिठ्ठीपेक्षा दारू सोडलेल्या माणसाचा शब्द जास्त चालतो.

अशा एका वाटेची सुरुवात एका फोननं झाली. मे 1935 मध्ये बिल विल्सन नावाचा न्यूयॉर्कचा शेअर दलाल कामासाठी अमेरिकेतल्याच अॅक्रन शहरात आला होता. दारू सोडून त्याला काही महिने झाले होते. काम फसलं आणि हॉटेलातला बार खुणावू लागला. त्यानं बारकडे न जाता फोन गाठला आणि दारूनं पिडलेल्या दुसऱ्या माणसाचा शोध सुरू केला. भेटले डॉ. बॉब स्मिथ, शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर आणि स्वतः दारुडे. पंधरा मिनिटं बोलू म्हणून बसलेले दोघं काही तास बोलत राहिले. डॉ. बॉब शेवटचे प्यायले तो दिवस 10 जून 1935. तोच अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस या दारू सोडणाऱ्यांच्या संघटनेचा, म्हणजे ए.ए.चा स्थापना दिवस मानतात. एका डॉक्टरला दारुड्यानं सावरलं, हे आम्ही डॉक्टरांनी विसरू नये. 2020 मध्ये 27 अभ्यासांचा एकत्रित आढावा निघाला. सलग दारूपासून दूर राहण्यात ए.ए.ची वाट आणि तिकडे वळवणारे उपचार इतर मानसोपचारांपेक्षा सरस ठरले.

ए.ए.च्या मीटिंगमध्ये काय होतं? शाळेची खोली किंवा एखादं सभागृह, गोल मांडलेल्या खुर्च्या, चहा. तास-दीड तासात एकेक जण आपली गोष्ट सांगतो. आडनाव नाही, फी नाही. दारू सोडायची इच्छा, एवढीच अट. पहिल्या दिवशी गप्प बसलात तरी चालतं. “वळखीचं कोणी निघालं तं?” असं एका शेतकऱ्यानं मला विचारलं होतं. मी म्हटलं, “तोही त्याच कामाला आला असेल ना!”

शोधायचं कसं? 14446 ही व्यसनमुक्तीची सरकारी मोफत हेल्पलाइन आहे. मनाच्या त्रासासाठी 14416, म्हणजे टेलिमानस, चोवीस तास चालू असते. फोनवर नेमकं विचारा: मीटिंग कुठे, कोणत्या वारी, किती वाजता, मराठीत की हिंदीत, आणि खुली की बंद? खुल्या मीटिंगला घरचेही बसू शकतात, बंद मीटिंग फक्त दारू सोडू पाहणाऱ्यांसाठी असते. गावाजवळ मीटिंग नसेल तर भंडाऱ्याहून नागपूर साठेक किलोमीटर. रोज जाणं जमणार नाही, पण आठवड्यातून एक फेरी आणि मधल्या दिवसांत मोबाइलवरची मीटिंग, असं बसवता येतं. एका मीटिंगवरून ठरवू नका, पाच-सहा तरी करा. घरच्यांसाठी अल्-अॅनॉन हे वेगळे गट असतात. नवरा गेला नाही तरी बायको जाऊ शकते.

आणि तालुक्यात काहीच नसेल तर? ए.ए.च्या रिवाजात गट व्हायला दोन-तीन माणसं पुरतात. अॅक्रनमध्येही दोघंच होते.

घसरलात तर तोंड लपवू नका, पुढच्याच मीटिंगला जा. औषध बदलायला हवं का, ते पाहायला माझ्याकडेही या. पहिल्या वर्षी शक्यतो मंडई टाळा. जावंच लागलं, तर दंडार बघा, बहिणीच्या हातचं जेवा आणि मुक्काम न करता परत या. खिशात गटातल्या एकाचा नंबर असू द्या. मेहुणा मंडपामागे बोलावू लागला, की आधी तो लावा.