अबोला

नवरा-बायकोचं भांडण कुठल्या घरात होत नाही? भांड्याला भांडं लागायचंच. पण काही घरांत भांडण मिटत नाही, बोलणंच बंद होतं. मग निरोप मुलांकरवी जातात. "जा, बाबांना सांग, ताट वाढलंय." या अबोल्याचा आज आपण विचार करू.

चिखलोली हे अंबरनाथ आणि बदलापूर यांच्या मधलं गाव. या भागातली पुष्कळ माणसं लोकलगाडीने कामाला जातात. असंच एक घर डोळ्यांपुढे आणा. नवरा रात्री उशिरा येतो. बायको दारातच म्हणते, "आलात? घराची आठवण झाली म्हणायची!" नवरा काही बोलत नाही. जेवतो आणि भिंतीकडे तोंड करून झोपतो. बायकोचा आवाज चढतो. तसा तो अधिकच गप्प होतो. तो गप्प, म्हणून ती आणखी बोलते. घाण्याच्या बैलासारखी दोघं त्याच वाटेने फिरत राहतात. शेजारी म्हणतात, बाई तोंडाची फटकळ. सासू म्हणते, माझा मुलगा गरीब गाय. आम्हाला दोन्ही बोलणी अपुरी वाटतात.

कॅनडा देशात स्यू जॉन्सन या बाई आणि लेस्ली ग्रीनबर्ग यांनी १९८० नंतरच्या काही वर्षांत अशा जोडप्यांसाठी एक रीत बसवली. विहिरीवर शेवाळ दिसतं, पाणी खाली असतं. तसा राग वर दिसतो, त्याच्या खाली भीती असते, असं ही रीत सांगते. आई दिसेनाशी झाली की लहान मूल रडून गोंधळ घालतं. मोठ्या माणसाचंही तसंच होतं. फक्त ते रडत नाही, टोमणा मारतं. बायकोच्या मनात असतं, 'मी मेले काय, जगले काय, यांना काय त्याचं?' नवऱ्याच्या मनात असतं, 'मी कितीही राबलो तरी हिला कमीच.'

या रीतीत सल्लागार दोघांना समोर बसवतो. चूक कुणाची, हे तो विचारत नाही. आधी दोघांना तो घाणा दाखवतो. मग खालची गोष्ट हळूहळू वर काढतो. अशा बैठका साधारण आठ ते वीस होतात.

बायको म्हणते, "अहो, तुम्ही बोलत नाही ना, तेव्हा मला भीती वाटते. तुम्हाला मी नकोशी झाले की काय?" नवरा म्हणतो, "अगं, तू चिडलीस की वाटतं, मी कशालाच लायक नाही. म्हणून गप्प बसतो." पुरुषाला हे बोलणं फार जड जातं. पुरुषाने रडू नये, हे आपणच त्याला लहानपणापासून शिकवलं ना! एकाने बोलावं तेव्हा दुसऱ्याने नुसतं ऐकावं. लगेच उलट हिशेब मांडू नये. याने गाडी वेळेवर येत नाही, की कर्ज फिटत नाही. पण कर्जाबद्दल दोघांना एकत्र बसून बोलता येतं.

तंटा कोर्टापर्यंत गेला तरी ही वाट बंद होत नाही. १९८४ साली कुटुंब न्यायालयाचा कायदा झाला. समेट होण्याजोगा असेल, तर आधी त्यासाठी प्रयत्न करणं हे त्या न्यायालयाचं काम आहे. तिथे समुपदेशक म्हणजे समजावून घेणारी, सल्ला देणारी माणसं असतात.

मारहाण होते त्या घरात मात्र ही रीत लावू नये. हात उचलणाऱ्यापुढे मन उघडं कर, असं कुणी बाईला सांगू नये. तिथे आधी तिचा जीव सांभाळायचा. तिच्या संरक्षणासाठी २००५ चा कायदा आहे. फोनवर १८१ फिरवला की महिलांना मदत मिळते. पोलीस लगेच हवे असतील तर ११२.