अंजिराला झोप कधी द्यायची?

प्रश्न : नात्यातल्या एकांनी सासवडजवळच्या मळ्यातून अंजिराची दोन गुटी कलमं आणून दिली. एक आईने हडपसरला कुंडीत लावलं, त्याला गेल्या वर्षी छान फळं आली. दुसरं माझ्या चिपळूणच्या अंगणात आहे. ते वाढलं जोमाने, पण श्रावणात पानं गळून त्याचा पार खराटा होतो आणि धरलेली चार फळंही आंबून पडतात. आता न्यू जर्सीतली बहीण म्हणते, मलाही अंजीर लावायचंय. तिकडच्या बर्फात ते जगेल का? आणि एक कुतूहल : अंजिराला फूल कधी येतं? मला तर एकदाही दिसलेलं नाही.
– एक वाचक भगिनी, चिपळूण

उत्तर : ताई, आधी फुलाचं सांगतो. बऱ्याच दिवसांत न दिसलेल्या माणसाला आपण ‘उंबराचं फूल झालास’ म्हणतो ना, तेच अंजिराचं. दोघंही फायकस वंशातली. एक कोवळं अंजीर उभं चिरून बघा. आतल्या भिंतीला शेकडो बारीक फुलं दाटीने चिकटलेली दिसतील. आपण फळ म्हणून खातो ती फुलांची बंद पिशवी असते, आणि तिच्या टोकाला एक बारीक भोक असतं, त्याला डोळा म्हणतात. तुर्कस्तानातल्या स्मर्ना प्रकारच्या अंजिराला या डोळ्यातून आत शिरणारी एक चिमुकली माशी लागते. कॅलिफोर्नियात ती झाडं नेऊन लावली, पण माशी नव्हती म्हणून फळं हिरवीच गळत राहिली. १८९९ साली माशी तिथे वसवली, तेव्हा कुठे पीक हाती आलं. आपलं सासवड-पुरंदरचं अंजीर मात्र परागीभवनावाचून फळतं. त्यामुळे तुमचं एकुलतं झाड त्या बाबतीत कुठेही कमी पडत नाही.

ते कमी पडतंय विश्रांतीला. अंजीर मूळचं पश्चिम आशिया आणि भूमध्य समुद्राकाठचं. तिकडे पाऊस हिवाळ्यात पडतो, तेव्हा झाड पानं टाकून झोपतं. उन्हाळा कोरडा ठणठणीत, तेव्हा फळ पिकतं. आपल्याकडे सगळं उलटं : ऐन वाढीच्या दिवसांत पाऊस.

पुरंदरच्या शेतकऱ्यांनी यावर पिढ्यान्‌पिढ्या डोकं चालवलंय. तो भाग पर्जन्यछायेतला, जमीन निचऱ्याची. तिथे दोन बहर धरतात. उन्हाळा सरता सरता छाटणी करून हिवाळ्याच्या सुमारास फळ घेतात, तो खट्टा बहर. दुसऱ्यात झाडाला पावसाळाभर विश्रांती देतात, सप्टेंबर-ऑक्टोबरात छाटतात आणि उन्हाळ्यापर्यंत फळ घेतात, तो मीठा बहर. हे फळ कोरड्या हवेत, चढत्या उन्हात पिकतं, म्हणून गोडीला सरस. पुरंदरच्या अंजिराला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्यामागे जातीइतकीच ही बहराची जाण आहे, असं मला मनापासून वाटतं. हडपसर त्याच हवेच्या शेजारचं, म्हणून आईचं झाड सुखात आहे.

चिपळूणला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. श्रावणात पान उलटं करून अंगठ्याने पुसा. अंगठ्याला विटकरी पूड लागली, तर तो तांबेरा. बुरशीचा हा रोग दमट हवेत झपाट्याने पसरतो आणि झाड उघडंबोडकं करतो. त्यात मुळांशी पाणी तुंबलं की फळांची आशा संपलीच.

म्हणून कोकणात अंजीर जमिनीत नको, मोठ्या कुंडीत किंवा अर्ध्या कापलेल्या ड्रममध्ये हवं. तळाला भरपूर भोकं, मातीत मुरूम आणि शेणखत. तुमचं झाड लहान असेल तर या हिवाळ्यात काढून ड्रममध्ये लावा. मोठं असेल तर गुटी बांधून नवं करा. जूनमध्ये ड्रम पडवीत ओढायचा आणि पाणी अगदी बेताचं ठेवायचं. पानं गळली तर गळू द्या, तीच त्याची झोप. पडलेली पानं मात्र झाडाखाली कुजत ठेवू नका. पाऊस ओसरला की ऑक्टोबरात छाटणी, वर शेणखत, आणि नवी पालवी आल्यावर एक टक्का बोर्डो मिश्रणाची फवारणी. फळ नव्या फुटीवर येतं, तेव्हा कात्री चालवताना हात आखडू नका. कोकणात खट्ट्या बहराच्या नादाला लागूच नये.

बहिणीला सांगा, खुशाल लाव. न्यूयॉर्क-न्यू जर्सीच्या पट्ट्यात इटलीहून आलेल्या कुटुंबांनी परसात अंजिरं जपली आहेत. थंडीत ती झाडं गोणपाटात गुंडाळतात, काही जण वाकवून मातीखाली पुरतातही. झोपलेलं अंजीर उणे दहा अंशांच्या आसपासची थंडी सोसतं. त्याखाली फांद्या मरतात, पण मूळ वाचलं तर वसंतात पुन्हा फुटतं. ‘शिकागो हार्डी’ किंवा ‘ब्राउन टर्की’ जात तिथल्याच रोपवाटिकेतून घ्यावी. इथून कलम बॅगेत घालून नेऊ नये, झाडं नेण्याचे तिथले नियम कडक आहेत. कुंडी असेल तर आणखी सोपं : पानगळ झाली की हीटर नसलेल्या गॅरेजमध्ये ठेवायची. घरात उबेला मुळीच नको, झाड अवेळी जागं होतं. महिन्यातून थोडंसं पाणी पुरे, आणि हिमकण पडायचे थांबले की बाहेर.

तोडणीचं तिघींनाही लागू. देठाचा पांढरा चीक कातडीला झोंबतो, हातमोजे घाला. आपल्याकडे वटवाघळं टपलेली असतात, फळं पिकायला लागली की झाडाला जाळी लावा. तरीही घाई नको. अंजीर तोडल्यावर पुढे पिकत नाही. मान झुकेपर्यंत, अंग मऊ पडेपर्यंत ते झाडावरच राहू द्या.