म्हातारा उंदीर काय विसरतो?

आजोबा चष्मा कुठे ठेवला हे विसरले, तर आपण हसतो. पण रोजच्या वाटेवरून घर सापडेनासे झाले, तर ते हसण्यावारी नेऊ नये. ते अल्झायमरच्या आजाराचे लक्षण असू शकते. आलोइस अल्झायमर या जर्मन डॉक्टरांनी १९०६ साली या आजाराचे प्रथम वर्णन केले.

माणूस म्हातारा होण्याची वाट पाहत प्रयोग करायचे, तर संशोधकाचेच आयुष्य सरेल! प्रयोगशाळेतला उंदीर मात्र साधारण दोन-अडीच वर्षे जगतो. दोन वर्षांचा उंदीर म्हणजे सत्तरीच्या आसपासचा माणूसच म्हणा ना.

त्याची स्मृती कशी तपासायची? रिचर्ड मॉरिस यांनी १९८१ साली एक युक्ती प्रसिद्ध केली. गोल हौदात गढूळ केलेले पाणी भरायचे आणि त्याखाली एक छोटा ओटा लपवायचा. भोवतालच्या खुणा लक्षात ठेवून उंदीर पोहत तिथे जायला शिकतो. म्हाताऱ्या उंदरांना बहुधा अधिक वेळ लागतो.

पण थांबा! एवढ्यावरून 'स्मृती गेली' असे म्हणता येईल का? कदाचित त्याला नीट दिसत नसेल, किंवा पोहण्याची ताकद उरली नसेल. म्हणून ओटा दिसेल असा ठेवून पुन्हा चाचणी घेतात. दिसणाऱ्या ओट्याकडे तो सरळ गेला, तरच बोट स्मृतीकडे दाखवता येते.

दुसरी अडचण अशी, की साधा उंदीर म्हातारा झाला तरी त्याच्या मेंदूत रुग्णाप्रमाणे अमायलॉइड प्रथिनाचे थर साचत नाहीत. म्हणून आनुवंशिक अल्झायमर घडवणारे मानवी जनुक उंदरांत घातले गेले. असे थर साचणारे उंदीर १९९५ साली तयार झाले. १९९९ साली अशा उंदरांना अमायलॉइडची लस टोचली, तेव्हा थर कमी झाले. केवढा आनंद! पण माणसांवरील चाचणी २००२ साली थांबवावी लागली. लस घेतलेल्यांपैकी सुमारे ६ टक्के रुग्णांच्या मेंदूला सूज आली होती.

मग उंदीर निरुपयोगी ठरला का? नाही. लशीऐवजी तयार प्रतिद्रव्ये टोचण्याची कल्पनाही आधी उंदरांतच पारखली गेली. अशा लेकानेमॅब या औषधाला २०२३ साली अमेरिकेत पूर्ण मान्यता मिळाली. त्याने आजार बरा होत नाही, त्याची गती थोडी मंदावते इतकेच.

उंदीर वाट दाखवतो. पण ती वाट माणसापर्यंत पोचते की नाही, हे माणसांतच तपासावे लागते. आता तुम्ही सांगा : म्हातारा उंदीर कमी ऐकतो की विसरतो, हे ओळखायला कोणता प्रयोग कराल? वर्गात चर्चा करून पाहा.