हट्ट नव्हे, असह्य ताण



सणाच्या मिस्सेला गर्दी असते. घंटा वाजते, टाळ्या पडतात, स्पीकर मोठा लावलेला असतो. आपल्याला त्यात आनंद वाटतो. अशा वेळी एखादे मूल एकाएकी कान दाबून किंचाळू लागते, जमिनीवर अंग टाकते. सगळ्यांच्या माना वळतात. "लाडावून ठेवलंय," असे कोणी पुटपुटते. कोणाला बाहेरची बाधा वाटते. आई मुलाला उचलून बाहेर जाते आणि पुढच्या रविवारी येत नाही. ते मूल ऑटिझम असलेले, म्हणजे स्वमग्न असेल, तर नेमके काय घडले ते आज समजून घेऊ या.

'स्वमग्न' हा शब्द थोडा फसवा आहे. अशा मुलाला बाहेरचे काही जाणवत नाही, असे त्यावरून वाटते. पुष्कळदा खरे उलट असते. त्याला फार जास्त जाणवते. मिस्सेत बसल्यावर पंख्याची घरघर थोड्या वेळाने आपल्या ध्यानातही राहत नाही. आपला मेंदू ती मागे सारतो आणि प्रवचन पुढे आणतो. अनेक स्वमग्न व्यक्तींमध्ये ही चाळणी वेगळी चालते. पंखा, माइकची शिट्टी, धुपाचा वास, नव्या शर्टाची टोचणारी कॉलर, शेजाऱ्याचा धक्का, सारे एकाच जोराने आदळते. ताण साठत जातो आणि शेवटी बांध फुटतो. काही जण किंचाळत नाहीत, एकदम गप्प होतात. विचारले तरी उत्तर देऊ शकत नाहीत. त्याला आपण उद्धटपणा म्हणतो. अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांच्या २०१३ च्या निदानसूचीत संवेदनांचा हा वेगळेपणा ऑटिझमच्या लक्षणांत नोंदवलेला आहे.

मग हट्ट कसा ओळखावा? हट्टाला काहीतरी हवे असते. ते मिळाले की तो थांबतो. हा उद्रेक खाऊने थांबत नाही आणि दटावल्याने वाढतो, कारण दटावणे हा आणखी एक आवाजच असतो. हात फडफडवणे किंवा डुलणे पुष्कळांना शांत करते. ते बळाने थांबवणे म्हणजे बुडत्याच्या हातची काठी काढून घेणे.

आईला दोष देण्याची चूक मोठमोठ्या विद्वानांनीही केली. डॉ. लिओ कॅनर यांनी १९४३ साली अशा ११ मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यानंतर बरीच वर्षे आईच्या कोरड्या स्वभावामुळे ऑटिझम होतो, असे सांगितले गेले. ते मत आता पूर्ण मागे पडले आहे. मेंदूची घडणच वेगळी असते. ती ना आईची चूक, ना बाधा.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्ही एक गोष्ट शिकलो: दुसऱ्याचे मन आपल्याला दिसत नाही. वागणे दिसते, अर्थ आपण लावतो. डेमियन मिल्टन या स्वतः स्वमग्न असलेल्या अभ्यासकांनी २०१२ साली हेच मांडले. न समजण्याची अडचण दोन्ही बाजूंची असते, एकट्या स्वमग्न व्यक्तीची नव्हे.

मार्कच्या शुभवर्तमानात, सातव्या अध्यायात, बहिऱ्या माणसाला बरे करण्यापूर्वी प्रभू येशू त्याला गर्दीपासून एकीकडे नेतो. आधी शांत जागा, मग पुढचे. आपणही एवढे करू या:

१. कोणी मूल असे अस्वस्थ झाले, तर भोवती जमू नये, टक लावून पाहू नये. आईला हळूच विचारावे, "काय मदत करू?"
२. न विचारता मुलाला धरू नये. कमी आणि सावकाश बोलावे.
३. दाराजवळचा बाक अशा कुटुंबांसाठी मोकळा ठेवावा. मध्येच बाहेर जाण्यात व परत येण्यात काही गैर नाही. स्पीकरचा आवाज आम्ही कमी ठेवू.
४. लग्नाची वरात किंवा सण असेल, तर तेथे काय होणार हे मुलाला आधी सांगावे.

पालकांनी परभणीच्या सरकारी रुग्णालयात चौकशी करावी. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझमचा समावेश आहे, त्यामुळे दिव्यांग प्रमाणपत्र मिळू शकते.

घरी चर्चेसाठी: आपल्या ओळखीतले कोणते कुटुंब लोकांच्या नजरांमुळे घरीच राहते? या आठवड्यात त्यांच्याकडे कोण जाईल?